यंत्राच्या पोटांतील नखाएवढा दुवा

इस्त्री अथवा मिक्सर बंद पडला कीं आपण मोटरीस नाहींतर तारेस दोष देतों. पुष्कळदां खरा दोषी असतो आंतील नखाएवढा पितळी कनेक्टर. तारेच्या टोकास आवळून बसविलेली ही लहानशी खोबण समोरच्या चपट्या पात्यावर घट्ट सरकते. त्यामुळें डाख न वितळवितां तार काढतां-लावतां येते.

सारी भिस्त त्या घट्टपणावर. धातूचे दोन पृष्ठभाग भिडलेले दिसले, तरी खरोखर ते कांहीं सूक्ष्म बिंदूंवरच टेकलेले असतात. खोबण सैल पडली किंवा तिजवर गंज चढला, कीं विजेची वाट अरुंद होते व तेथें उष्णता उत्पन्न होते. २३० व्होल्टवर चालणारी १००० वॅटची इस्त्री सुमारें ४.३ अँपिअर प्रवाह घेते. सांध्यांत अवघा एक ओहम विरोध शिरला, तर तेवढ्याशा जागेंत सुमारें १८ वॅट उष्णता कोंडते! तिनें खोबण अधिकच सैल होते. प्लॅस्टिकचें आवरण वितळतें, प्रसंगीं पेटही घेतें.

२६ जुलै २००५ व २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीचें पाणी बदलापुरांतील सखल वस्त्यांत शिरलें. अशा पुरांत भिजलेला मिक्सर उन्हांत वाळवून लागलीच चालू करण्याचा मोह होतो. परंतु पाणी आटलें तरी गाळ खोबणींतच राहतो, ओल धरतो व पितळेवर हिरवट पुट चढवितो. म्हणून यंत्र आधीं जाणत्या कारागिराकडून उघडवून घ्यावें. मुलांनीं हा उद्योग स्वतः करूं नये. काळवंडलेला कनेक्टर पकडीनें आवळून भागत नाहीं, कारण तापानें पितळेचा ताठा गेलेला असतो. तो बदलावाच लागतो.