बुफे : पैसा वसूल की पोट वसूल?

माणसाचा खरा स्वभाव बघायचा असेल तर त्याला बुफेच्या रांगेत उभं करा. कोणी आधी सगळ्या भांड्यांची झाकणं उघडून बघतं. कोणी डोळे मिटून पनीरकडे धावतं. कोणी भात घेतानाच गुलाबजामवर लक्ष ठेवून असतं. आणि एखादी आई स्वतःचं ताट रिकामं ठेवून बाकी सगळ्यांना विचारत फिरते, 'तुला पापड मिळाला का?'

सुट्ट्या लागल्या की तुमच्याही घरी ट्रिपचे प्लॅन सुरू होतील. हॉटेल शोधताना 'ऑल मील्स इन्क्लुडेड, बुफे' असं दिसलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'बरं झालं, जेवणाचं टेन्शन नाही.' दुसरा म्हणतो, 'एवढे पैसे? आपण तेवढं खातो का?' आमच्याही घरात हेच झालं. म्हणून म्हटलं, या वादाचा निकाल लावूनच टाकू.

आधी आमची गोष्ट

आम्ही धानोऱ्याचे. गेल्या उन्हाळ्यात आई, बाबा, आजी, दहावीची परीक्षा दिलेला भाऊ आणि मी असे पाच जण ताडोब्याला गेलो. तुम्ही म्हणाल, गडचिरोलीच्या जंगलातली माणसं जंगल बघायला चंद्रपूरला कशाला? बरोबर आहे. पण आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाला वाघ दिसला तर तो जीव मुठीत धरून पळतो. तोच वाघ जिप्सीत बसून, पैसे भरून बघायचा, ही हौस आमच्या घरात पहिल्यांदाच होत होती.

गडचिरोली, वैनगंगेचा पूल, सावली, मूल, चंद्रपूर आणि पुढे मोहर्ली. गेटच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये खोल्या घेतल्या होत्या. तिन्ही वेळचं जेवण पॅकेजमध्ये. बाबांनी गाडीतच हिशोब लावला होता, एका ताटाचे साधारण साडेसहाशे रुपये पडतात. आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

पहिल्या रात्री बाबांनी माझं ताट बघितलं. "नुसता वरणभात घेतला? साडेसहाशे रुपयांचा वरणभात कोण खाते?" मग त्यांनी स्वतः पनीर, मंचुरियन, नूडल्स, दोन प्रकारचे भात, पुऱ्या, रबडी असं सगळं घेतलं. बाबांना शुगर आहे. रात्री दोन वाजता ते खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि पहाटेच्या सफारीला जिप्सीत डुलक्या. वाघ दिसला तेव्हा त्यांना आम्ही हलवून उठवलं!

भावाने सहा गुलाबजाम घेतले, तीन खाल्ले.

आजी मात्र टेबलाशी शांत बसून होती. आम्हाला वाटलं, तिला भूक नाही. खरं म्हणजे ती वाट बघत होती. तिच्या हिशोबाने पंगतीला बसलं की वाढायला माणूस येतो. पाहुण्याने स्वतः उठून भांड्यात डाव घालायचा, हे तिच्या मनातच येईना. आम्ही चौघंही आपापली ताटं भरण्यात गुंग. शेवटी तिथे काम करणाऱ्या एका मुलाचं लक्ष गेलं. "आजी, काय आणू तुमच्यासाठी?" असं विचारून त्याने वरण, मऊ भात आणि लिंबाची फोड आणून दिली. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आजीचं ताट वीस मिनिटं रिकामं होतं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

आणि आई? पहिल्या रात्री ती आमच्या मागेमागेच फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तव्यावरून उतरलेली गरम पोळी तिच्या ताटात आणून टाकली. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "गरम पोळी अशी असते होय!" सगळे हसलो. नंतर मला ते वाक्य सारखं आठवत राहिलं. बावीस वर्षांत मी आईला सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांबरोबर गरम पोळी खाताना किती वेळा बघितलं असेल? मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील.

मग बुफे चांगला की वाईट?

फायद्यांपासून सुरू करू. सगळ्यात मोठा फायदा मी आत्ताच सांगितला. घरातल्या बाईला सुट्टी मिळते. ट्रिपला जाऊनही जिला 'सकाळी काय, रात्री काय' हा विचार सुटत नाही, तिच्यासाठी बुफे हीच खरी सुट्टी. अट एकच, बाकीच्यांनी तिला बसू द्यायला हवं.

दुसरा फायदा, मेन्यू कार्डावरची भांडणं वाचतात. पाच माणसं, पाच चवी, ऑर्डर यायला पाऊण तास आणि तोवर भूक लागलेला लहान भाऊ. बुफेत ज्याला तिखट हवं तो तिखट घेतो, ज्याला शुगर आहे तो (मनावर घेतलं तर) काकडी-टोमॅटो घेतो. बिलाचा धक्काही नाही, कारण रक्कम आधीच ठरलेली असते.

तिसरा फायदा, चाखून बघता येतं. न खाल्लेला पदार्थ एक चमचा घ्या, आवडला तर पुन्हा जा.

आता तोटे. पहिला तोटा म्हणजे 'वसूल' करायची खाज. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. पैसे बुकिंग करतानाच गेले. आता तुम्ही दोन गुलाबजाम खा नाहीतर दहा, त्यातला एक रुपयाही परत येणार नाही. पण मन ऐकत नाही. त्यात समोर प्रकार जास्त असले की आपण खातोही जास्त. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं होतं की एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविच समोर आली तर माणसं सुमारे एक तृतीयांश जास्त खातात. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीसाठी पोटात जागा असतेच. लग्नात जेवण झाल्यावरही आइस्क्रीमला जागा कशी होते, त्याचं हे उत्तर.

जाता जाता एक सावधगिरी. 'बुफेत अमुक ठिकाणी बसलं की माणूस जास्त खातो' अशा बातम्या व्हॉट्सॲपवर येतात, त्या जपून वाचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वान्सिंक अशा संशोधनासाठी जगभर गाजले होते. पिझ्झा बुफेवरच्या त्यांच्या निबंधांतल्या आकड्यांवरूनच शंका सुरू झाल्या, अनेक निबंध मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यांना संशोधनातल्या गैरवर्तनासाठी दोषी ठरवलं. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

दुसरा तोटा तब्येतीचा. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर हवं, थंड अन्न ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात मेयोनीज घातलेलं सॅलड किंवा कोमट पडलेली चिकन करी बराच वेळ उघडी असेल, तर तिला लांबूनच नमस्कार करा.

तिसरा तोटा चवीचा. मोहर्लीत काय, महाबळेश्वरात काय, बहुतेक बुफेत तेच पनीर, तीच दाल तडका, तेच नूडल्स. आजूबाजूला धानाची शेतं असताना तांदळाची भाकर नाही, लाखोळीची डाळ नाही, मोहाचा एक पदार्थ नाही. दोन दिवस जंगलात राहिलो, पण जेवणावरून कळलंच नसतं की आपण कुठे आहोत.

ही पद्धत आली कुठून?

स्वीडनमध्ये 'स्मॉरगसबोर्ड' नावाची जुनी पद्धत आहे. टेबलावर सगळं मांडायचं आणि ज्याने त्याने घ्यायचं. अमेरिकेत लास व्हेगासच्या कसिनोंनी १९४० च्या दशकात स्वस्त बुफे सुरू केले, म्हणजे गिऱ्हाईक जेवायला बाहेर जाणार नाही आणि जुगाराच्या टेबलाजवळच राहील. टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने १९५८ मध्ये बुफे सुरू करून त्याला 'वायकिंग' नाव दिलं. जपानमध्ये आजही बुफेला वायकिंग म्हणतात.

आपल्याकडे लग्नपत्रिकेवर 'स्वरुची भोजन' छापून आलं तेव्हा गावात किती कुजबुज झाली होती, हे आजीला विचारा. पळसाच्या पत्रावळीवर, मांडी घालून, आग्रहाने वाढलेलं जेवण म्हणजे मान. ताट हातात धरून उभ्याने खायचं म्हणजे कसलं जेवण! पण पंगतीलाही तिची दुसरी बाजू होतीच. कोण आधी बसणार, कोण शेवटी बसणार, हे तिथे ठरलेलं असायचं आणि बायकांची पंगत बहुतेक शेवटची. बुफेच्या रांगेत निदान कोणी कोणाच्याही पुढे उभं राहू शकतं.

रिसॉर्टवाल्यांचाही हिशोब समजून घ्या. सफारीच्या सगळ्या जिप्सी एकाच वेळी परततात, सगळ्यांना एकदमच भूक लागते. अशा वेळी प्रत्येक टेबलाची ऑर्डर घेत बसण्यापेक्षा बुफे सोपा, माणसं कमी लागतात.

उरलेलं जातं कुठे?

निघायच्या दिवशी मी त्या मुलाला, आजीला वाढणाऱ्या, हाच प्रश्न विचारला. तो जवळच्याच गावातला. तो म्हणाला, "ताई, भांड्यात उरलं ते आम्ही खातो, घरीही नेतो. ताटात उरलं ते कुणाले देता येते?"

त्याचं हे एक वाक्य मला सगळ्या संशोधनापेक्षा जास्त समजावून गेलं. भांड्यातला गुलाबजाम कोणाच्या तरी घरी जाऊ शकला असता. माझ्या भावाच्या ताटातले तीन कुठेच जाऊ शकत नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ या एका वर्षात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं २८ टक्के हॉटेल-खानावळींसारख्या ठिकाणी आणि तब्बल ६० टक्के घरांत. म्हणजे फक्त रिसॉर्टकडे बोट दाखवून चालणार नाही.

जंगलाच्या शेजारी तर हा प्रश्न आणखी गंभीर. उष्टं अन्न उघड्यावर पडलं की रानडुकरं येतात, गावातली कुत्री येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. रिसॉर्टमधला पाहुणा दोन दिवसांनी घरी जातो. बिबट्याची वाट मात्र शेजारच्या गावातून जाते, आणि पहाटे अंधारात बाहेर पडणारी माणसं त्याच गावातली असतात. आमच्या जिल्ह्यांत वाघ-बिबट्यांच्या हल्ल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. ताटातला उष्टा घास आणि ती बातमी यांत अंतर वाटतं तेवढं नाही.

उपाय अवघड नाहीत. नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुफेच्या प्लेटचा आकार थोडा कमी केला, तर काही ठिकाणी 'पुन्हा पुन्हा या, थोडं थोडं घ्या' अशा अर्थाची पाटी लावली. दोन्हीकडे वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटलं. कोणाला रागावलं नाही, दंड नाही. फक्त छोटी प्लेट!

तर आता ट्रिपला निघताना

बुकिंग करताना प्लॅनची अक्षरं नीट वाचा. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. दिवसभर बाहेर फिरणार असाल तर एपीचे पैसे वाया जातील, सीपी पुरे. ताडोब्यासारख्या ठिकाणी गेटजवळ फारशी हॉटेलं नसतात, तिथे एपी सोयीचा. पहाटेची सफारी असेल तर नाश्ता डब्यात देतात की परतल्यावर मिळतो, तेही विचारून घ्या.

घरात कोणाचा उपास असेल तर आधी फोन करा. रिसॉर्टच्या बुफेला संकष्टी माहीत नसते. एखादा स्थानिक पदार्थ कराल का, असंही विचारा. चार पाहुण्यांनी मागितलं तर पाचव्या वेळी तो मेन्यूत येईल.

रांगेत गेल्यावर आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारा, मग ताट उचला. पहिल्यांदा अर्धंच ताट भरा. लहान भावंडांना गोड एकेकच द्या, रांग कुठे पळून जात नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. आजी-आजोबांना आधी बसवा आणि त्यांचं ताट तुम्ही आणा. आईला दुसरी पोळी आणायला उठू देऊ नका. 'स्वतः घ्या' असं पाटीवर लिहिलेलं असलं तरी दुसऱ्यासाठी घ्यायला कोणी मनाई केलेली नाही.

बाबांचा हिशोब अजून मिटलेला नाही. ते म्हणतात, पुढच्या वेळी सीपीच घेऊ. पण धानोऱ्याला परत आल्यापासून आमच्या घरी रविवारी दुपारी एक नवीन पद्धत सुरू झाली आहे. वरण, भात, भाजी, पोळ्यांचा डबा सगळं मधे मांडायचं आणि ज्याने त्याने आपलं घ्यायचं. आई सगळ्यांबरोबर बसते. पोळ्या भाजायची पाळी माझी आणि बाबांची, त्यामुळे त्या अजून गोल होत नाहीत.

आजी मात्र स्वतः घेत नाही. तिला भाऊ वाढतो. आणि आग्रहही करतो.