गाडीचे पाणी जाते कोठे?

पहाटेचे चार वाजलेले. टोमॅटोचे क्रेट आणि कोथिंबिरीच्या जुड्या जीपमध्ये भरून झालेल्या. बाजार गाठायचा, तर आता निघायलाच हवे. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले. पण लंगड्या बैलासारखे चालू लागले. सारी गाडी थरथरते आहे, मागून पांढरा धूर येतो आहे. मिनिट-दोन मिनिटांनी इंजिन आपोआप सरळ झाले आणि मालकाने सुटकेचा निःश्वास टाकला.

आमच्या शेजारच्या वस्तीवर हे पंधरा दिवस रोज चालले होते. डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले, तरी सकाळची रड कायम. आता इंजिन उतरवून नवे पिस्टन टाकावेत, अशी भाषा सुरू झाली. तेवढ्यात घरची सून सहज म्हणाली, "आबा, गाडीला हल्ली दर दोन दिवसांनी तांब्याभर पाणी लागतंय. खाली मात्र एक थेंब दिसत नाही."

दुखणे नेमके तेथेच होते. हेड गॅसकेट गेले होते.

बांध फुटला की...

इंजिनच्या ज्या ठोकळ्यात सिलिंडर असतात तो ब्लॉक. त्यावर झाकणासारखे बसते ते हेड. दोहोंच्या मध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅसकेट. मिस्त्री मंडळी त्यालाच हेड पॅकिंग म्हणतात. त्याच्या एका अंगाला जळणारा वायू, दुसऱ्या अंगाला इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि तिसऱ्या वाटेने ऑइल. या तिघांची गाठ पडू न देणे हे त्याचे काम. वाफ्याचा बांध फुटला की पाणी भलतीकडे जाते, तसेच येथेही होते.

गाडी बंद केल्यावरही रेडिएटरमध्ये काही काळ दाब असतो. त्या दाबाने पाणी फुटक्या जागेतून रात्री सिलिंडरमध्ये झिरपते. सकाळी तो सिलिंडर पेट घेत नाही. साचलेले पाणी वाफ होऊन निघून गेले, की इंजिन पुन्हा सरळ चालते.

आधी स्वस्त कारणे तपासा

इंजिन अडखळले की प्रत्येक वेळी गॅसकेटच गेले, असे मात्र समजू नये. डिझेलच्या गाडीत फिल्टर तुंबतो, डिझेलमध्ये पाणी येते, नळीत हवा धरते, नोझल बिघडते किंवा थंडीत हीटर प्लग काम देत नाही. पेट्रोलच्या गाडीत प्लग आणि त्याच्या वायरी आधी पाहाव्यात. काजळी धरलेल्या प्लगांमध्ये एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरात पाणी जात असल्याचा संशय घ्यावा.

जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल इंजिनात लंगडा सिलिंडर शोधण्याची मिस्त्र्यांची एक रीत आहे. इंजिन हळू चालू ठेवून नोझलच्या नळीचे नट एकेक करून किंचित सैल करतात. ज्याने इंजिन आणखी अडखळते तो सिलिंडर चांगला. ज्याने काहीच फरक पडत नाही तो आजारी. नव्या कॉमन रेल इंजिनात मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. तेथे डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक असू शकतो आणि ती धार कातडीत घुसते.

या खुणा ओळखा

१. बाहेर गळती नसताना पाणी कमी होते.

२. रात्रभर थंड झालेल्या गाडीचे झाकण काढून इंजिन सुरू केले, तर रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येतात.

३. थंड इंजिन सुरू करताच थोड्याच वेळात वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक होतो.

४. ऑइलच्या काडीवर दुधाळ, चहाच्या रंगाचे ऑइल दिसते. किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो. हिवाळ्यात नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला, तर तो दवाचाही असतो.

५. इंजिन चांगले तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही.

यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर मिस्त्र्याला कॉम्प्रेशन मोजायला सांगावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी भरले, तर त्यांच्यामधले गॅसकेट फुटले असण्याचा संभव मोठा.

हात सांभाळा!

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. मुलांना तर तेथे फिरकूच देऊ नये. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण सैल होताच मात्र एकदम उसळते आणि तोंड-हात भाजतात. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतले, तर हेडला तडा जातो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

संशय असताना "आजचा बाजार करून घेऊ" असे म्हणून गाडी दामटू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात ते जास्त साचले आणि स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गॅसकेटच्या खर्चात भागणारे काम सगळ्या इंजिनावर जाते. रेडिएटरमध्ये पावडर टाकून गळती थांबवणे हाही इलाज नव्हे. त्याने रेडिएटर तुंबू शकतो.

काम करून घेताना

हेड उतरवले की ते सपाट आहे का, हे पट्टी लावून पाहायला सांगावे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा सुमारे दुप्पट फुगते, म्हणून असे हेड वाकडे होते. वाकलेल्या हेडवर नवे गॅसकेटही टिकत नाही. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. ऑइल दुधाळ झाले असल्यास ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

आणि मूळ कारण शोधल्याशिवाय मिस्त्र्याला सोडू नये. गॅसकेट बहुधा इंजिन तापल्याने जाते. रेडिएटरच्या जाळीत भुसा-चिखल अडकला आहे का? पंख्याचा पट्टा सैल आहे का? बोअरच्या जड पाण्याने आत क्षार तर धरले नाहीत? कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळून भरावे.

दुधाचा आणि किराणा मालाचा हिशेब आपण घरी ठेवतोच. त्याच वहीत गाडीला कधी, किती पाणी घातले, तेही लिहून ठेवावे. शेजारच्या सुनेने तो हिशेब मनात ठेवला होता, म्हणून त्या घरचे इंजिन वाचले.