नऊ एक्क्यांचा डोंगर

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी ही संख्या उलटी वाचली तरी तीच. १११११११११ ला त्याच संख्येने गुणलं की ती मिळते.

शाळेतल्या फळ्यावरही हे मांडून बघता येईल. नऊ एक्क्यांची ओळ, तिच्याखाली तीच एक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. उजवीकडून रकाने मोजा : एक, दोन, तीन... मधल्या रकान्यात नऊ एक्के, मग पुन्हा उतार. कुठेच हातचा नाही, म्हणून डोंगर इतका रेखीव. दहा एक्के घेतले की मधे दहा येतात, हातचा सरकतो आणि शिखर ढासळतं : १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलं. डेमलो हे मुंबईपासून तीसेक मैलांवरचं तेव्हाचं रेल्वे स्टेशन. कल्पना तिथे सुचली.

नऊ एक्क्यांच्या डोंगरातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १,२३,४५,६७९ चा वर्ग! अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकर 'हर्षद' म्हणत, म्हणजे आनंद देणाऱ्या.