खेळात गणित हवे, गणिताला मुलामा नको

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गणिताच्या ऑनलाइन खेळांची आज रेलचेल आहे. त्यांतून मूल खरोखर गणित शिकते, की केवळ पडद्यावर बोट टेकवायला शिकते? याचे उत्तर बहुतांशी खेळाच्या रचनेत आणि काही अंशी मुलाच्या शेजारी बसलेल्या मोठ्या माणसात असते.

घरात बालवाडीतले किंवा पहिली-दुसरीतले मूल असेल, तर ‘गणिताचा खेळ’ या नावाचे काही ना काही त्याच्या हाती एव्हाना पोहोचलेले असते. फुगे फोडायचे, माकडाला केळी द्यायची, बरोबर उत्तराला टाळ्या आणि चांदण्या मिळवायच्या, असे या खेळांचे ठरावीक रूप. मूल अर्धा तास शांत बसते, वर गणितही शिकते, या समाधानात पालक असतात. हे समाधान सर्वस्वी खोटे नाही. चांगल्या खेळातून लहान मुले गणित शिकतात, याला संशोधनाचा आधार आहे. मात्र सगळेच खेळ चांगले नसतात आणि चांगल्या खेळाचेही फळ आपोआप टिकत नाही. म्हणून खेळ निवडण्यापूर्वी या वयातले गणित म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आधी संख्या, मग अंक

एक ते शंभर घडाघडा म्हणणारे मूल पाहुण्यांसमोर कौतुकाचा विषय ठरते. पण ते पाठांतर झाले, मोजणी नव्हे. रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची तत्त्वे मांडली. त्यांतील तीन महत्त्वाची. प्रत्येक वस्तूला एकदा आणि एकदाच मोजायचे. संख्यानामांचा क्रम बदलायचा नाही. आणि शेवटी उच्चारलेले संख्यानाम म्हणजे त्या शेवटच्या वस्तूचे नाव नसून साऱ्या समूहाची संख्या होय. तिसरे तत्त्व सर्वांत अवघड. मुलापुढे सात चिंचोके ठेवा. ते मोजून झाल्यावर ‘मग एकूण किती?’ असे विचारा. मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर ‘सात’ या शब्दाचा अर्थ त्याला अजून उमगलेला नाही, असे समजावे.

यानंतरच्या पायऱ्या म्हणजे दोन समूहांतील लहान-मोठे ओळखणे, संख्यांचा क्रम मनात एका रेषेवर मांडणे, आठ म्हणजे पाच आणि तीन किंवा सहा आणि दोन हे जाणणे आणि अखेरीस दहाचा गठ्ठा बांधून दशक-एककाची कल्पना आत्मसात करणे. पुढे येणारा ‘हातचा’ याच शेवटच्या पायरीवर उभा असतो. खेळ यांपैकी कोणती पायरी चढवतो, हा पालकांचा पहिला प्रश्न असायला हवा.

पटावरची शर्यत

खेळाची रचना किती मोलाची असते, याचे सुंदर उदाहरण अमेरिकेतील गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांच्या संशोधनात सापडते. अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांना त्यांनी एक साधा पट दिला. एका ओळीत एक ते दहा अंक लिहिलेली घरे आणि एक किंवा दोन असे दान देणारी चकती. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण घरांत अंकांऐवजी रंग होते. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या अवघ्या चार बैठका झाल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अंकांच्या पटावर खेळलेल्या मुलांची मोजणी, अंकओळख, लहान-मोठे ठरवणे आणि रेषेवर संख्येची जागा सांगणे, हे सारे सुधारले. नऊ आठवड्यांनंतरही ही सुधारणा टिकून होती. रंगांच्या पटावर खेळणाऱ्यांना असा लाभ झाला नाही.

असे का व्हावे? सरळ रेषेतील पटावर संख्या जितकी मोठी, तितकी सोंगटी दूर गेलेली असते. तितकी अधिक घरे ओलांडलेली असतात. तितकी अधिक संख्यानामे उच्चारलेली असतात आणि तितका अधिक वेळही लागलेला असतो. डोळा, हात, कान सगळे एकच गोष्ट सांगतात. तोच पट गोलाकार केला, तेव्हा परिणाम तितका चांगला आढळला नाही. आणखी एक बारीक नियम निर्णायक ठरला. सोंगटी पाचवर असताना दोनचे दान पडले, तर मुलाने ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ असे म्हणायचे. आपल्या घरोघरच्या सापशिडीतही हा नियम सहज लावता येईल. फक्त सापशिडीच्या ओळी नागमोडी जातात, त्यामुळे एका संख्येच्या थेट वर दहाने मोठी संख्या येत नाही. दशकाची कल्पना रुजवायची असेल तर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे जाणारा शंभराचा तक्ता अधिक उपयोगी.

संगणकावरील खेळांत हेच सूत्र फ्रान्समधील स्टॅनिस्लास डेहान आणि ॲना विल्सन यांच्या ‘द नंबर रेस’ या विनामूल्य खेळात दिसते. संख्याज्ञानात अडखळणाऱ्या मुलांसाठी तो तयार करण्यात आला. दोन ढिगांपैकी मोठा ढीग निवडायचा आणि तितकी घरे पुढे जायचे. मुलाची चारांपैकी सुमारे तीन उत्तरे बरोबर यावीत, अशा बेताने खेळ स्वतःची काठिण्यपातळी बदलत राहतो. फार सोपे झाले की कंटाळा, फार अवघड झाले की धास्ती. या दोन्हींच्या मधली वाट संगणक न थकता शोधू शकतो, ही त्याची खरी ताकद. तथापि फिनलंडमध्ये या खेळाची चाचणी झाली, तेव्हा मुले संख्यांची तुलना करण्यात सुधारली, पण मोजणी आणि आकडेमोडीत तसा फरक पडला नाही. खेळ जे शिकवतो, तेच मूल शिकते. त्याहून अधिक नव्हे.

गुळात घोळलेली गोळी

बाजारातील कितीतरी खेळांत गणित आणि खेळ यांचे नाते औषधाच्या गोळीला गूळ लावावा तसे असते. बेरजेचे उत्तर दिले की गाडी पळवायला मिळते. गाडीचा आणि बेरजेचा संबंध काहीच नाही. मूल गाडीसाठी बेरीज सोसते. ब्रिटनमध्ये जेकब हॅबगुड आणि शेरॉन एन्सवर्थ यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या केल्या. एकीत भागाकार हाच लढतीचा डाव होता. दुसरीत लढत वेगळी आणि भागाकाराची प्रश्नावली वेगळी. २०११ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की पहिल्या आवृत्तीतून मुले अधिक शिकली आणि मोकळ्या वेळेत तीच खेळणे त्यांनी पसंत केले.

बक्षिसांची खैरातही अशीच सावधपणे पाहायला हवी. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत याच मुलांनी, बक्षिसाची अपेक्षा नसलेल्या मुलांच्या तुलनेत, सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. चांदण्यांसाठी बेरीज करणारे मूल चांदण्या संपताच बेरीजही सोडून देईल, ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

घड्याळाची टिकटिक हा तिसरा मुद्दा. बेरीज समजल्यानंतर वेग वाढवण्यासाठी वेळेचे बंधन ठीक; समजण्यापूर्वी ते आले तर मूल विचार सोडून अंदाजाने बोट टेकवू लागते. चार पर्यायांपैकी एक निवडायचा असेल, तर काहीही न कळता चारांतून एकदा टाळ्या मिळतातच.

वडोदऱ्याचा धडा

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणेल. पण गणिताच्या संगणकीय खेळांचा एक गाजलेला मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या वडोदऱ्यात, महापालिकेच्या शाळांत झाला. ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघे, असे गणिताचे खेळ खेळू देण्यात आले. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, यांनी सहकाऱ्यांसह केलेला त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या गुणांतील वाढ ०.४७ प्रमाण विचलन इतकी होती. सोप्या भाषेत सांगायचे, तर गुणानुक्रमे उभ्या केलेल्या शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेले मूल सुमारे अठरा जागा पुढे सरकले. ही वाढ लक्षणीय म्हणावी अशी. परंतु कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने ती सुमारे ०.१० वर आली. अठरा जागांतल्या चारच उरल्या.

दिल्लीतील दुसरा प्रयोग याहून सूक्ष्म आहे. ‘प्रथम’च्याच बालवाड्यांतील सरासरी पाच वर्षांच्या १,५४० मुलांसह तो झाला आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुलांना चार महिने ठिपक्यांच्या आणि आकृत्यांच्या पत्त्यांचे खेळ देण्यात आले. नजरेने कमी-जास्त ओळखण्याची त्यांची क्षमता वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. शाळेतले लेखी गणित मात्र सुधारले नाही. ठिपके आणि लिखित अंक यांच्यामधला पूल खेळात बांधलेलाच नव्हता. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यातही हेच दिसले: गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करणारी मुले कागदावरच्या तशाच उदाहरणांत अडतात. एका जागी शिकलेले गणित पाय फुटून दुसरीकडे जात नाही. त्याला कोणीतरी बोट धरून न्यावे लागते.

‘त्रेपन्न’ आणि ५३

मराठी मुलांच्या बाबतीत या पुलाला आणखी एक खांब लागतो, तो भाषेचा. आपण ५३ लिहिताना आधी पाच लिहितो, पण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतो. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. ऐकताना तीस कानावर पडतो, लिहिताना दोनाने सुरुवात करायची. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत, आणि नव्याण्णव मात्र तिला अपवाद. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारला जातो आणि तेथील लहान मुलांच्या अंकलेखनातील चुकांमध्ये या उलटापालटीचा मोठा वाटा असल्याचे आढळले आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण आणि उच्चार-लेखनातील विसंगती ही कारणे पुढे ठेवली होती. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी अडचण खरी आहे हे मान्य करावे लागते. बहुसंख्य ऑनलाइन खेळ इंग्रजीत बोलतात आणि इंग्रजीत वीसनंतर दशक आधी, एकक नंतर असा लेखनाशी जुळणारा क्रम आहे. त्यामुळे पडद्यावर ‘फिफ्टी थ्री’ सहज ओळखणारे मूल वर्गात ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिते, तेव्हा ते मठ्ठ नसते. त्याला दोन भाषांतला दुवा कोणी दाखवलेला नसतो. खेळताना पडद्यावरची संख्या मराठीत मोठ्याने म्हणून घेणे आणि ‘पाच दशक तीन सुटे, म्हणजे त्रेपन्न’ असे जोडून दाखवणे, हा त्यावरचा साधा उपाय.

पालकांनी काय पाहावे?

पहिली कसोटी: गणित न करता खेळ जिंकता येतो का? येत असेल तर तो बाजूला ठेवावा. दुसरी: उत्तर चुकल्यावर खेळ काय करतो? नुसती फुली आणि कर्कश आवाज देणारा खेळ परीक्षा घेतो. वस्तू पुन्हा मोजून दाखवणारा, गठ्ठा सोडून दाखवणारा खेळ शिकवतो. तिसरी: जाहिराती आणि खरेदीचे आमिष मध्ये येते का? येत असेल, तर मुलाचे लक्ष विकले जात आहे.

विनामूल्य आणि निर्मळ पर्याय उपलब्ध आहेत. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील ‘मेक अ टेन’ या खेळात संख्या ओढून जोडता येतात, पुन्हा सुट्या करता येतात आणि दहाचा गठ्ठा कसा बनतो हे हाताने अनुभवता येते. ‘खान अकॅडमी किड्स’ हे २०१८ पासूनचे ॲपही विनामूल्य आहे. जुन्या संकेतस्थळांवरील अनेक खेळ मात्र आता चालत नाहीत, कारण ते ज्या ‘फ्लॅश’ तंत्रावर आधारलेले होते, त्याचा आधार २०२० च्या अखेरीस बंद झाला.

वेळेचे भान हवेच. तीन-चार वर्षांच्या मुलांचा बैठा पडदावेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा आणि कमी असेल तितके चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे. या तासात कार्टूनही आले, हे विसरू नये. पंधरा मिनिटांचा एक चांगला खेळ पुरेसा आहे. वर सांगितलेल्या पटाच्या बैठकाही तेवढ्याच होत्या.

सर्वांत महत्त्वाचे काम पडदा बंद झाल्यावर सुरू होते. खेळात आठ आणि पाच मिळून तेरा केले असतील, तर शेंगदाण्यांनी ते पुन्हा करून घ्यावे. पाचांतले दोन आठांकडे सरकवले की दहा कसे होतात हे दाखवावे. मग तेच वहीत लिहून घ्यावे. जेवणाची पाने मांडताना किती वाट्या, किती पेले, कोणाकडे एक कमी, हे मुलाला ठरवू द्यावे. ‘कसे काढलेस, सांग पाहू’ हा प्रश्न कोणताही खेळ आईवडिलांइतक्या आस्थेने विचारू शकत नाही. वडोदऱ्यातील मुलांच्या हातून निसटलेल्या चौदा जागा कदाचित याच प्रश्नाने राखता येतील.