लिथियम घेणारा रुग्ण आणि आपली चिकित्सा

पायांवर सूज येते म्हणून एक शिक्षक गेल्या पावसाळ्यात आमच्या चिकित्सालयात आले. शोथाची चिकित्सा म्हणून पुनर्नवाष्टक क्वाथ व अलवण आहार लिहिण्यास आम्ही लेखणी उचलली, तोच त्यांच्या पत्नीने पिशवीतून लिथियमच्या गोळ्या काढल्या. सहा वर्षांपासून चालू. "हे मनाचे औषध, त्याचा सुजेशी काय संबंध?" म्हणून त्यांनी सांगितले नव्हते; आणि खरे तर आम्हीही विचारले नव्हते. शिवाय पंधरा दिवसांपासून झोप तीन तासांवर आली होती, बोलणे वाढले होते, खरेदी आवरत नव्हती.

बायपोलर अर्थात द्विध्रुवीय मनोविकारात उन्माद व अवसाद यांची आवर्तने येतात. औषधांनी ती विरळ व सौम्य होतात. सर्वथा थांबतीलच असे नाही. लक्षणे परतली की रुग्ण औषध निकामी ठरवतो, गोळ्या सोडतो आणि आपल्याकडे येतो. लिथियम एकाएकी सोडल्यास उन्माद उसळण्याचा आणि आत्मघाताचाही धोका वाढतो. म्हणून ते बंद करण्याचा सल्ला आपण कदापि देऊ नये. चुकलेल्या मात्रा, जागरण, मद्य, स्टिरॉइड यांची चौकशी प्रथम करावी. लिथियममुळेच थायरॉइड मंदावते व तो अवसादच भासतो, हेही स्मरणात असावे.

लिथियम हे सोडियमच्याच कुळातील मूलद्रव्य. शरीरातील जल व सोडियम घटले की वृक्क सोडियम राखू लागतात आणि त्यासोबत लिथियमही राखले जाते. रक्तातील इष्ट पातळी सामान्यतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल, १.५ च्या पुढे विषलक्षणे संभवतात. अंतर किती थोडे आहे पाहा! अलवण पथ्य, वमन, विरेचन, तीव्र स्वेदन, लंघन, मूत्रल क्वाथ हे सर्व उपक्रम हा तोल ढळवू शकतात. उलट, मीठ अचानक वाढवल्यास पातळी उतरते व आवर्तन परतू शकते. चरकांनी चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायात उन्मादासाठी शोधन सांगितले आहे; परंतु त्यांच्यासमोरील रुग्णाच्या रक्तात लिथियम नव्हते. अशा रुग्णाचे शोधन मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्याविना करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधविक्रेत्या बंधूंनी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही ही पातळी वाढते हे ध्यानी घ्यावे. झोपेसाठी अश्वगंधा मागणाऱ्यास इतर गोळ्यांविषयी विचारावे. तिच्याने थायरॉइडचे अंतःस्राव वाढू शकतात.

हातांचा ठळक कंप, वमन, अतिसार, अडखळती चाल, जड जिव्हा ही लक्षणे दिसल्यास त्यांना अजीर्ण समजून पाचक देत बसू नये. रुग्णालयात तत्काळ पाठवावे.

आपल्या हाती काय उरते? बरेच काही. निजण्या-उठण्याच्या, भोजनाच्या वेळा स्थिर ठेवणे हे आपल्या दिनचर्येचेच अंग आहे आणि या विकारात आधुनिक मानसोपचारही त्यावर भर देतो. झोप घटणे ही उन्मादाची बहुधा पहिली वर्दी असते. ती घरच्यांना ओळखायला शिकवावी.

त्या शिक्षकांना आम्ही चिठ्ठी देऊन त्यांच्या तज्ज्ञांकडे धाडले. तेथे उलगडा झाला: फळ्यावर लिहिताना हात कापतो म्हणून सायंकाळची गोळी ते महिनाभर टाळत होते. मात्रेची फेररचना झाली, सुजेचा विचारही तेथेच झाला. आता ते दरमहा येतात. सोबत वही असते, तीत झोपेचे तास लिहिलेले असतात, आणि बहुतेक पानांवरील अक्षर पत्नीचे असते.