एकाच घावाचे दोन परिणाम : धनुर्वात व बॉट्युलिझम यांतील जिवाणूविषांची क्रिया

धनुर्वाताच्या रुग्णाची प्रथम दातखीळ बसते. पुढे मान ताठ होते, पाठ धनुष्यासारखी मागे वाकते आणि किंचित आवाजानेही सर्वांगाला आचके येतात. बॉट्युलिझमच्या रुग्णाची अवस्था याच्या अगदी उलट असते. त्याच्या पापण्या मिटू लागतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, घास गिळवत नाही आणि अंग लुळे पडते. एकात स्नायू सैल होत नाहीत, तर दुसऱ्यात ते आखडतच नाहीत. शुद्ध मात्र दोहोंतही बहुधा शाबूत असते. अशी परस्परविरुद्ध लक्षणे निर्माण करणारी विषे रासायनिक दृष्ट्या एकच काम करतात, असे सांगितल्यास प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा उलगडा करावयाचा आहे.

संदेश कसा पोहोचतो?

चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पुटिका असतात व त्यांत संदेशवाहक रसायन साठविलेले असते. विद्युत्संदेश टोकापर्यंत आला की कॅल्शियमचे आयन आत शिरतात, पुटिका पेशीपटलाला चिकटून फुटतात आणि रसायन समोरच्या पेशीवर पडते. पुटिका व पटल यांचे हे मीलन आपोआप होत नाही. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पटलावरील सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ ही तीन प्रथिने दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकांत गुंफली जातात व पुटिकेला पटलाकडे खेचून घेतात. यांपैकी एक पेड जरी तुटला तरी पीळ बसत नाही. पुटिका भरलेली राहते, विद्युत्संदेशही येतो. परंतु रसायन बाहेर पडत नाही.

विषाची रचना व प्रवेश

धनुर्वाताचे विष क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी हा जिवाणू तयार करतो, तर बॉट्युलिझमचे विष क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. दोघेही प्राणवायूविना वाढणारे व मातीत बीजाणुरूपाने टिकून राहणारे आहेत. दोन्ही विषांच्या रेणूंचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन असते व त्यांचे दोन भाग असतात. जड साखळी चेतापेशीच्या टोकाला चिकटते व विषाला आत नेते. पेशीच्या आतील पिशवीत आम्लता वाढताच हीच साखळी त्या पिशवीच्या पटलात वाट करून देते. त्या वाटेने हलकी साखळी पेशीद्रवात उतरते आणि दोहोंना जोडणारा गंधकबंध तेथे तुटतो. मोकळी झालेली हलकी साखळी हे जस्तयुक्त विकर होय. म्हणजेच प्रथिने कापणारी कात्री. विकर कामात खर्ची पडत नाही. त्यामुळे मोजके रेणूही पुरेसे होतात, आणि या विषांच्या अत्यल्प मात्रेतील मारकतेचे एक कारण येथे सापडते.

ही कात्री नेमके काय कापते, हे १९९२ मध्ये इटलीतील पादुआ येथील स्कियावो, माँटेकुको व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. धनुर्वाताचे विष आणि बॉट्युलिनमचे ‘बी’ प्रकारचे विष, दोन्ही सिनॅप्टोब्रेव्हिन कापतात. आणि तेही ७६ व्या ग्लुटामिन व ७७ व्या फेनिलॲलनिन या अमिनो आम्लांमधील त्याच एका बंधावर. बॉट्युलिनमचे ‘ए’ व ‘ई’ प्रकार स्नॅप-२५ कापतात, तर ‘सी’ प्रकार सिंटॅक्सिनलाही सोडत नाही. पेशीतील वहनाविषयीच्या संशोधनासाठी रॉथमन, शेकमन व स्यूडॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात अभ्यासल्या गेलेल्या या तीन प्रथिनांचे कार्य निश्चित करण्यास ही विषेच साधन म्हणून उपयोगी पडली, हे येथे नमूद करावयास हवे.

भेद स्थानाचा

घाव एकच असेल तर लक्षणे भिन्न का? उत्तर विषाच्या प्रवासात आहे. बॉट्युलिनमचे विष मुख्यतः चेता व स्नायू यांच्या सांध्यावरच थांबते. तेथे ॲसिटिलकोलीनचे स्रवण बंद पडते, स्नायूला आज्ञाच मिळत नाही व तो शिथिल राहतो. श्वसनाचे स्नायू थांबल्यास मृत्यू ओढवतो. धनुर्वाताचे विषही शिरते ते याच टोकातून. पण तेथे न थांबता ते चेतातंतूतून उलट दिशेने मेरुरज्जूपर्यंत चढते. तेथे ते स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशीतून बाहेर पडून तिला लगाम घालणाऱ्या निरोधक पेशीत प्रवेश करते. निरोधक पेशींची ग्लायसीन व गाबा ही रसायने अडली की लगाम सुटतो आणि लहानशा उद्दीपनानेही सर्व स्नायू एकदम आखडतात. जखम मेरुरज्जूपासून जितकी दूर, तितकी लक्षणे साधारणतः उशिरा दिसतात, त्याचेही कारण हाच प्रवास होय.

उपचाराची मर्यादा

प्रतिविष रक्तातील मोकळ्या विषाला बांधते, पेशीत शिरलेल्याला नव्हे. म्हणून ते जितके लवकर द्यावे तितके बरे. पुढे नवी प्रथिने व नवे चेताग्र तयार होईपर्यंत रुग्णाचा श्वास चालू ठेवणे, हाच उपचाराचा गाभा उरतो व त्यास आठवडे, प्रसंगी महिने लागतात. हाच विलंब नियंत्रित मात्रेत मात्र उपयुक्त ठरतो. तिरळेपणा व पापण्यांचे आचके यांवर बॉट्युलिनम ‘ए’ वापरण्यास अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली, ती याच तत्त्वावर.

धनुर्वाताबाबत आणखी एक बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. रोग होऊन बरे झालेल्यासही लस घ्यावीच लागते. कारण रोग निर्माण करणारी मात्रा इतकी अल्प असते की तिने प्रतिकारशक्ती जागृत होत नाही. गरोदर स्त्रीला दिलेल्या लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भात पोहोचतात व नवजाताचे रक्षण करतात. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारताने साधल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. तथापि येथे निर्मूलनाचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, एवढाच आहे. बीजाणू मातीत व शेणात आहेत तेथेच आहेत, आणि नाळेवर शेण वा राख लावण्याची रीत आजही तितकीच घातक आहे.

नवजाताला मध चाटविण्याच्या प्रथेकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. मधात बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. प्रौढांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत. परंतु वर्षाच्या आतील बालकाच्या अपरिपक्व आतड्यात ते रुजून तेथेच विष तयार करू शकतात. बद्धकोष्ठता, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे, मान न धरणे ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. मध गरम करून देणे हा यावर उपाय नव्हे. तयार विष उष्णतेने नष्ट होते. बीजाणू मात्र उकळत्या पाण्यातही टिकतात.