लांबच्या प्रवासाआधी जुना पिकअप

घरसामान लांबच्या गावी हलवायचे असेल, तर जुन्या पिकअपची तपासणी ब्रेकपासून सुरू करावी. घाटातल्या उतारावर भरलेली गाडी ब्रेकचा खरा कस पाहते. लायनर झिजले असतील तर ते बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते; तापल्यावर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात.

टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बाद समजावा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होते. कडेवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. स्टेपनीही याच कसोटीवर तपासावी.

त्यानंतर रेडिएटर, होज पाइप, फॅनबेल्ट, बॅटरी आणि दिवे पाहावेत. मागच्या पाट्यांपैकी एखादा तडकला असेल तर गाडी वजनाखाली एका बाजूला कलते.

व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी लागते. पीयूसी आणि विमाही चालू हवा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास किमान 20,000 रुपये दंड होतो.

हौद्यात जड सामान खाली आणि केबिनच्या बाजूला रचावे, दोराने आवळावे आणि वर ताडपत्री बांधावी. दुरुस्तीनंतर निघण्याआधी गाडी थोडे वजन घालून जवळपास चालवून पाहावी; राहिलेला दोष गॅरेजजवळ असतानाच कळलेला बरा.